सगुणाच्या पोटाचा आवाज

ताई,

तू गेल्यावर भेटायला येणारा प्रत्येक माणूस दोन प्रश्न विचारतो. पहिला, "असं अचानक कसं काय?" आणि दुसरा, "मग आता त्या घोडीचं काय?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नाही. दुसऱ्याचं आहे, पण ते मोठ्यानं देता येत नाही, कारण पलीकडच्या खोलीत आई असते आणि तिची नजर अधू झाली असली तरी कान शाबूत आहेत. म्हणून मी "आहे, तिला सांभाळणारा बबन बघतो" असं म्हणते आणि चहा टाकायला उठते. खरं उत्तर फक्त तुला सांगायचं आहे. ताई, तुझी सगुणा गेली. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्याच दिवशी.

तुझ्या रायडिंग स्कूलमधून फोन आला होता, ताईंबद्दल चार शब्द लिहून द्या म्हणून. जन्म, शिक्षण, घोड्यांची डॉक्टर म्हणून किती वर्षं काढलीस, ते सगळं त्यांनीच लिहावं. त्यांना फोटोच्या खाली टाकायला तेवढं पुरतं. मला तुझ्याशी भांडायचं आहे. आपलं भांडण अर्धं राहिलंय, आणि तू अशी निघून गेलीस की मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी बोलावं लागतंय.

सगुणा म्हातारी झाली आणि रायडिंगच्या शाळेला नकोशी झाली, तेव्हा तू तिला घेऊन मांजरीला राहायला गेलीस. उसाच्या कडेला दोन खोल्या, पत्र्याची पागा, बबन आणि ती. आई माझ्याकडे, धायरीला. पुण्याची दोन टोकं. नातेवाईक म्हणाले, आईला सोडून घोडीकडे गेली. तू हसलीस. आई हसली नाही. ती कोणालाही सांगायची, "माझी थोरली मी घोडीला दिली." लोकांना तो विनोद वाटायचा. मला माहीत होतं की तो नव्हता.

आणि तुमच्या दोघींच्या मध्ये होतं ते सगुणाचं पोट. आता हे कोणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण खरंच आहे. असं वाजणारं पोट मी दुसरं पाहिलेलं नाही. फाटकातून आत शिरलं की ऐकू यायचं. आई पहिल्यांदा मांजरीला आली, काठी टेकत पागेपाशी गेली, आणि कानावर ते गुरगुरणं पडल्याबरोबर तिचा चेहरा उतरला. "अगं, हिला भूक लागलीय," ती म्हणाली. "पोट ओरडतंय बिचारीचं. काय घालतेस काय हिला?" तू गवताकडे बोट दाखवलंस. आईनं त्या वाळल्या गवताकडे पाहिलं आणि मग तुझ्याकडे पाहिलं. आपल्या लेकीनं कोणाला तरी नुसत्या गवतावर ठेवलंय, ही गोष्ट तिच्या पचनी पडणं शक्यच नव्हतं. आपल्या घरी भांडण झालं तरी ताट वाढून झाकून ठेवलं जायचं.

पुढच्या खेपेला ती हिंगाचं पाणी घेऊन आली. बाटलीत भरून, वर फडकं बांधून. पोट इतकं वाजतंय म्हणजे भूक नसेल तर वात असेल, असा तिचा विचार. त्या दिवशी शाळेतली मुलं आली होती पागा बघायला, आणि तू त्यांच्यासमोर म्हणालीस, "ही आमची आई. घोडीच्या बेंबीला हिंग लावणार आहे." मुलं हसली. मीही हसले, कारण तू सांगितलंसच तसं. आई बाटली पिशवीत ठेवून खुर्चीवर जाऊन बसली. त्यानंतर ती मांजरीला आली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे दुखायचेच, ते काही खोटं नव्हतं.

त्याच मुलांना नंतर तू अर्धा तास समजावून सांगितलंस. मी तिथेच होते. घोड्याचं जठर त्याच्या अंगाच्या मानानं लहान असतं, म्हणून त्याला थोडं थोडं, सतत लागतं. मागे आतड्यांचा मोठा थोरला पसारा असतो, तिथे गवत आंबतं, मुरतं, आणि ते काम चालू असल्याचा तो आवाज. तो यायलाच हवा. घोड्याला उलटी होत नाही. एकदा आत गेलं की जे काही आहे ते पुढेच जावं लागतं, परत फिरता येत नाही. म्हणून अचानक वेगळं काही घालायचं नाही. धान्य तर नाहीच. पोट वाजतंय तोवर निवांत राहा, गप्प झालं की डॉक्टरला फोन करा. मुलांनी वहीत लिहून घेतलं. आई खुर्चीवर होती, लांब, आंब्याखाली. तिच्यापर्यंत यातलं काही पोचलं नाही आणि तू उठून तिच्यापर्यंत गेली नाहीस.

हेच आपलं भांडण. मी तुला म्हणायचे, आईला एकदा नीट सांग ना. तू म्हणायचीस, "आईला सांगायला गेलं की ती ऐकत नाही, जेवायला वाढते." ते खरं होतं. पण ते खरं असलं तरी तू सांगायला हवं होतंस, ताई. आई दर वेळी फोनवर विचारायची, "घोडीला एखादी पोळी दिली तर?" आणि तू म्हणायचीस, "नको." नुसतं नको. का नको, ते नाही. तुझ्या "नको"मध्ये सगळं शास्त्र होतं, आणि तिला ऐकू यायचं ते इतकंच, की "आई, तुझ्या हातचं नको." तुला माणसांशी बोलायचा कंटाळा होता, आणि घरच्या माणसांशी तर फारच. वाण्याकडून इसबगोलाचे डबेच्या डबे घेऊन जायचीस, घोडीच्या पोटात माती साठू नये म्हणून, आणि तो भला माणूस ते आईसाठीच समजून दर वेळी तिच्या तब्येतीची चौकशी करायचा. तेव्हाही तू त्याला खरं सांगितलं नाहीस. "बरी आहे आता," म्हणायचीस.

पण मला तू शिकवलंस, हे मी विसरलेले नाही. हे गेले, त्या आठवड्यात सगळे येऊन माझा हात धरून बसत होते. तू आलीस, हात वगैरे धरला नाहीस, गाडीत बसवून मांजरीला नेलंस. स्टेथोस्कोप माझ्या कानात घातलास आणि सगुणाच्या उजव्या कुशीला टेकवून म्हणालीस, "ऐक." आधी काहीच नाही. मग लांबून काहीतरी सरकत आल्यासारखं, आणि मग अख्खी बादली ओतल्यासारखा आवाज. मी दचकले. तू म्हणालीस, "आता डावीकडे. वर. आता खाली." चारही ठिकाणी मी ऐकलं. ती घोडी निवांत उभी होती, एक पाय सैल सोडून, आणि तिच्या आत एवढं सगळं चाललं होतं. मी त्या दिवशी पहिल्यांदा रडले, तिच्या अंगाला टेकून. तू पाठ फिरवून गवत सारखं करत राहिलीस. तेवढं सांत्वन माझं कोणीच केलं नाही, ताई. तेवढं मी आजवर तुला बोलूनही दाखवलं नव्हतं.

आता तेराव्याचं ऐक.

गुरुजींनी गोग्रास काढायला सांगितला. आमच्या सोसायटीत गाय कुठून येणार? पूर्वी एक बाई गाय घेऊन कोपऱ्यावर बसायची, तीही येईनाशी झाली. मामाचा नंदू म्हणाला, टेकडीखाली गोठा आहे, मी देऊन येतो. तेव्हा आई म्हणाली, "गाय कशाला? तिचा घास तिच्या सगुणाला जाऊ दे." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी म्हणाले, भावना महत्त्वाची. मी आत स्वयंपाकघरात पानं वाढत होते, मला त्यातलं काहीच कळलं नाही. मी बाहेर आले तोवर नंदू आईला गाडीत घालून निघाला होता. मला वाटलं, घोडीला बघायला गेली. मला बरंच वाटलं, ताई. म्हटलं, तू असताना जे झालं नाही ते आता तरी होईल.

आई एक घास घेऊन गेली नव्हती. तुला आवडायच्या म्हणून केलेल्या पुरणपोळ्या, भात, खीर, आणि आदल्या दिवशी कोणालाही न सांगता भिजत घातलेले हरभरे. बादलीभर. घोडा हरभरे खातो हे कोणाला माहीत नाही? तिनं इतक्या वर्षांची तयारी केली होती.

संध्याकाळी ती परत आली तेव्हा तिचा चेहरा मला ओळखू येईना. तू गेल्यापासून ती पहिल्यांदा ताटावर बसून नीट जेवली. जेवता जेवता सांगत होती. "फाटकापासून ऐकू येत होतं गं पोट. उपाशी लेकरू. बबन म्हणत होता नको, मी म्हटलं, बाबा रे, आज नाही म्हणू नकोस. हातातून खाल्लं तिनं. सगळं. किती मऊ असतात ओठ! इतकी वर्षं मला कोणी सांगितलंच नाही, इतके मऊ असतात म्हणून." आपला तळहात ती पुन्हा पुन्हा डोळ्यांजवळ नेऊन बघत होती. मी विचारलं, "सगळं म्हणजे किती?" ती म्हणाली, "बादली रिकामी आणली की."

मी गॅलरीत जाऊन बबनला फोन लावला. "बाई, म्या नगं म्हनलं हुतं," तो म्हणाला, "पर आज्जी रडाय लागल्या. तेराव्याला आईला कसं नाय म्हनायचं?" मी म्हटलं, पोट वाजतंय का? तो म्हणाला, "लई वाजतंय. आधीपरीस जास्त वाजतंय." ताई, मला हायसं वाटलं. तूच शिकवलं होतंस ना, वाजतंय तोवर निवांत. आंबलेलं धान्य आधी असंच वाजतं, खूप वाजतं, आणि मग एकाएकी थांबतं, हा पुढचा धडा तू मला दिला नव्हतास. तरी मी तुझ्या हाताखाली शिकलेल्या त्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी चारा बंद करायला सांगितलं, तिला फिरवत ठेवायला सांगितलं, आणि स्वतः येऊन इंजेक्शनही देऊन गेल्या. जे करायचं ते सगळं केलं. कोणीही काही कमी केलं नाही. हे मी स्वतःला रोज सांगते आणि त्याचा काहीएक उपयोग होत नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा ती आडवी होती. घामानं भिजलेली, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघत. डॉक्टरीणबाईंनी नाकातून नळी घातली, तेल दिलं, हिरड्यांचा रंग बघितला. तुझा स्टेथोस्कोप खुंटीला होता. मी तो घेतला आणि तिच्याजवळ मातीत बसले. उजवीकडे वर. उजवीकडे खाली. मग बबननं आणि मी तिला कशीबशी उठवली, डावीकडेही ऐकलं. काही नव्हतं. मी टेकवून ठेवला, वाट बघितली, जागा बदलली. मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. ताई, मी आयुष्यात इतकी शांतता ऐकलेली नाही. तुला पोचवून घरी आलो तेव्हासुद्धा नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात ऑपरेशनचा काही अर्थ नाही, आता नुसता त्रास आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. निर्णय मी घ्यायचा होता, म्हणजे तुझा निर्णय मी घ्यायचा होता. तू तो किती सहज घ्यायचीस, लोकांना वाटायचं तुला काळीजच नाही. मी मान हलवली. तिचं डोकं मांडीवर घेता आलं असतं तर घेतलं असतं, पण ते फार जड होतं. मी नुसता हात ठेवला. ओठ खरंच मऊ होते. दुपारी जेसीबी आला आणि शेताच्या मालकानं बांधाला जागा दिली. बबन खड्ड्याच्या कडेला बसून म्हणाला, "म्याडम असत्या तर मला हाकलून दिलं असतं." मी म्हटलं, "तू एकटा नव्हतास." तो ऐकत नव्हता.

घरी येताना मी ठरवलं होतं, आईला सांगायचं. खोटं बोलायची मला सवय नाही. दारातच ती म्हणाली, "सगुणाकडे गेली होतीस ना? मला आठवते का गं ती?" ताई, मी काय सांगायला हवं होतं? "आई, तुझ्या लेकीच्या तेराव्याला तू तुझ्या हातानं, हातानंच, ओठ मऊ आहेत म्हणत..." असं? ती पंच्याऐंशीच्या पुढे गेली आहे. तिची एक मुलगी तिच्याआधी गेली. तिच्याजवळ आता या सगळ्यातून एवढी एकच गोष्ट उरली आहे, की शेवटी तिच्या हातचं कोणीतरी खाल्लं. ती तिच्याकडून काढून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. मी म्हणाले, "आठवते."

तेव्हापासून मी रोज एक खोटं बोलते, आणि पहिलं सांभाळायला दुसरं लागतं. नंदूला दम दिलाय. डॉक्टरीणबाईंना हात जोडलेत. रोज सकाळी आई विचारते आणि मी सांगते: गवत खाते, ऊन खाते, बबन फिरवतो. कधी कधी सांगता सांगता माझ्याच डोळ्यांसमोर ती उभी राहते, एक पाय सैल सोडून, आणि मला क्षणभर खरं वाटतं. मग भांडी घासताना आठवतं. तू गेलीस तेव्हा मला निदान रडता तरी आलं. सगुणासाठी मला घरात रडता येत नाही. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचं वय आहे का माझं?

आणि मला तुझा राग येतो. खूप येतो. तू असतीस तर हे झालं नसतं, हे तर आहेच. पण तू असताना दोन वाक्यं बोलली असतीस तरी हे झालं नसतं. "आई, तो भुकेचा आवाज नाही. ती बरी आहे म्हणून वाजतंय." एवढंच. तिनं कदाचित ते मानलं नसतं. कदाचित पुन्हा हिंग घेऊन आली असती. पण तिच्या कानावर पडलं असतं. मी तरी सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. मी सांगितलं होतं, ताई, एकदा नाही, अनेकदा. ती म्हणायची, "तुला काय कळतंय घोड्यातलं? तिनं सांगू दे." तिला ते तुझ्याकडून हवं होतं.

काल तुझा महिना झाला. परवाच्या सकाळी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर पातेलं, पातेल्यात हरभरे भिजत. आईनं चाचपडत डबा शोधून स्वतः घातलेले. "उद्या मला मांजरीला ने," ती म्हणाली. मी म्हटलं, ऊन फार आहे, तुझे पाय सुजलेत, पुढच्या महिन्यात बघू. ती पातेल्यातल्या हरभऱ्यांतून बोटं फिरवत राहिली. मला वाटलं, मिटलं.

मग तिनं विचारलं, "तिचं पोट अजून तसंच वाजतं का गं?"

मी हातातलं काम थांबवलं. इतक्या दिवसांत तिनं मला खरं उत्तर देता येईल असा हा पहिला प्रश्न विचारला होता.

"नाही आई," मी म्हणाले. "आता नाही वाजत."

"अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावर असं समाधान आलं, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. "बघ," ती म्हणाली. "म्हणजे उपाशीच होती. मी तुझ्या ताईला जन्मभर तेच सांगत होते, माझं कधी ऐकलं नाही तिनं." मग माझ्या आवाजाच्या दिशेला तोंड करून, जरा भीत भीतच, तिनं विचारलं, "तिचंच चुकत होतं ना गं?"

ताई, मी हो म्हणाले.